जपून ठेवलेले कपडे आणि आपली पेहरावाची रीत

गोव्यातील बहुतेक घरांत कपड्यांचे दोन संसार असतात. एक रोज दोरीवर आणि खुंटीवर दिसतो. दुसरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा आजीच्या पेटीत जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून ठेवलेला असतो, आणि या दोघांची गाठ एखाद्या लग्नाला, मुंजीला किंवा फार तर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पडते. आपल्याला काय शोभते हे कळावे म्हणून दुकाने आणि मोबाइलचा पडदा धुंडाळण्यापूर्वी हा दुसरा संसार नीट पाहावा, असे माझे मत आहे. जे कपडे टाकून देण्यास मन धजत नाही, त्यांत आपली आवड आधीच नोंदलेली असते. मात्र ती माणसांच्या आणि प्रसंगांच्या आठवणींत इतकी मिसळलेली असते की तांदळातून खडे निवडावेत तशी वेगळी काढावी लागते.

हे निवडण्याचे काम आणि कपडे टिकवण्याचे काम गोव्यात एकमेकांपासून तोडता येत नाही. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात हवेतील दमटपणा आठवडेच्या आठवडे बुरशीला पोषक राहतो. अशा हवेत वापरातला कपडा झिजतो हे खरे, पण न वापरलेला कपडा बहुधा त्याच्याआधी जातो: घडीवर चिरतो, जरीवर काळा पडतो, पांढऱ्यावर पिवळे ठिपके उमटवतो. म्हणून पुढील सर्व कामांचा हेतू एकच आहे, तो म्हणजे वरच्या कप्प्यातले शक्य तितके कपडे खुंटीपर्यंत आणणे.

कपाट केव्हा आणि कसे उघडावे

चवथ आटोपल्यानंतर, पाऊस ओसरून सलग दोन-तीन दिवस कोरडे ऊन पडू लागले की हे काम काढावे. साधारणपणे दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस त्यासाठी उत्तम. मे महिन्यात हवा गरम असली तरी दमट असते, शिवाय त्या वेळी काढलेले कपडे पुन्हा ठेवेपर्यंत पावसाळा दारात उभा राहतो. सकाळी नऊनंतर, दव पूर्ण वाळल्यावर सुरुवात करावी आणि दुपारी चारच्या आत आवरावे, कारण संध्याकाळी हवेत परतणारा ओलावा कपडे लगेच शोषून घेतात.

सोप्यावर किंवा राजांगणाच्या कडेला चटया घालून त्यांवर धुतलेल्या पांढऱ्या चादरी पसराव्यात. थेट उन्हात रेशीम किंवा गडद रंगाचे सुती कापड मुळीच टाकू नये; वाऱ्याची झुळूक आणि सावली पुरेशी असते. बुरशी आलेले कपडे आधीच बाजूला काढून घराबाहेर न्यावेत, नाकातोंडाला कापड बांधून मऊ ब्रशने एकाच दिशेने हलक्या हाताने झटकावेत आणि त्यानंतरच बाकीच्यांजवळ आणावेत. घरात झटकल्यास बुरशीचे कण चांगल्या कपड्यांवर बसतात. ही चूक मी स्वतः एकदा केली आणि त्या वर्षी एकाऐवजी पाच साड्या धुवाव्या लागल्या.

हे सारे एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. एका दिवशी साड्या, दुसऱ्या दिवशी शिवलेले कपडे आणि तिसऱ्या दिवशी पुरुषांचे व मुलांचे, असे वाटून घेतल्यास प्रत्येक कपडा हातात धरून पाहण्यास वेळ मिळतो, आणि पुढच्या टप्प्यात त्या पाहण्यावरच सारे अवलंबून आहे.

एक वही आणि काही अवघड प्रश्न

शंभर पानी साधी वही घ्यावी आणि प्रत्येक जपलेल्या कपड्यासाठी तिच्यात अर्धे पान द्यावे. कपडा कुणाचा, कधीचा, कुठून आला, शेवटचा कधी अंगावर घातला, या गोष्टी प्रथम लिहाव्यात. नंतर खरा प्रश्न येतो: हा कपडा मी का ठेवला आहे? याचे उत्तर ‘आवडतो म्हणून’ असे लिहून सोडून देऊ नये, कारण त्या एका शब्दामागे किमान पाच वेगवेगळी कारणे दडलेली असतात. कापडाचा स्पर्श आवडतो, की रंग, की काठ आणि वीण, की शिवण आणि बेत, की तो देणारे किंवा नेसणारे माणूस? यांतले कोणते कारण हे नेमके लिहावे, आणि दोन असतील तर अधिक वजन कशाला आहे तेही लिहावे.

कारण ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. हाच कपडा एखाद्या अनोळखी बाईने दुकानात समोर ठेवला असता तर आपण तो हातात घेतला असता का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर तो कपडा आठवणीसाठी आहे. त्याला मानाने जपावे, पण त्यावरून आपली आवड ठरवू नये. उत्तर ‘हो’ असेल तर तो आपल्या रीतीचा साक्षीदार आहे. माझ्या आईची मोरपिशी, रुंद जरीकाठाची साडी मी कितीतरी वर्षे ‘माझी सर्वांत आवडती’ म्हणून सांगत असे. वहीत लिहिताना ध्यानात आले की मला ती साडी आवडत नव्हती, ती नेसून देवळाच्या पायऱ्या चढणारी आई आवडत होती. त्या साडीच्या नादाने मी पुढे घेतलेल्या चार रुंदकाठी साड्या एकेकदा नेसून कपाटात का पडल्या, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

याच वहीच्या मागच्या बाजूने दुसरी नोंद सुरू करावी: रोज जे घातले जाते ते. पंधरा दिवस, फार तर एक महिना, रात्री एक ओळ लिहावी की आज काय घातले, कुठे गेलो आणि दिवसभरात किती वेळा ते सावरावे लागले. शेवटची गोष्ट बारीक वाटते, पण तीच सर्वांत खरे बोलते. ज्या कपड्याला आपण दिवसभर सावरत राहतो तो कितीही सुंदर असला तरी आपला नव्हे.

वही वाचताना

महिन्याभराने दोन्ही बाजू समोरासमोर ठेवाव्यात आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द पेन्सिलीने गोल करावेत. सहा-सात कपड्यांपुढे ‘खरखरीत सुती’, ‘बारीक काठ’, ‘मातीसारखा रंग’ असे शब्द आले असतील तर आपली आवड तेथे आहे, मग कपाट चकचकीत रेशमाने भरलेले का असेना. आमच्या नात्यातल्या एका वहिनींच्या वहीत निराळीच गोष्ट निघाली. त्यांनी जपलेल्या कपड्यांत रंग, कापड, काळ कशाचाच मेळ नव्हता. पण प्रत्येक पोलक्याची बाही कोपरापर्यंत होती आणि गळा मागून बंद होता. त्यांची रीत शिवणीत होती आणि त्या ती इतकी वर्षे कापडाच्या दुकानात शोधत होत्या. त्यांनी नंतर एकही नवी साडी न घेता तीन पोलकी शिवून घेतली, आणि जुन्या आठ साड्या वापरात आल्या.

पुरुषांच्या बाबतीत हे काम लवकर आटोपते असे समजण्याची चूक करू नये. वडिलांचा जुना लिननचा शर्ट, देवकार्यासाठी ठेवलेले पुडवे म्हणजे धोतर, आजोबांचा दुहेरी बटणांचा कोट, यांपैकी काय हाती लागते आणि ते का ठेवले, हे विचारले की पुष्कळदा कळते की त्या माणसाला सैल खांदा, उंच कॉलर किंवा रंग न चढवलेले कापड आवडते आणि तो मात्र बाजारात मिळतो म्हणून अंगाला चिकटणारा, पॉलिस्टर मिसळलेला शर्ट घालत आला आहे.

येथे कापड ओळखता येणे गरजेचे ठरते. जुन्या कपड्याचे कापड कोणते हे ठाऊक नसेल तर शिवणीच्या आतल्या बाजूचा किंवा पदराच्या गोंड्याचा एखादा धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो व हलकी राखाडी राख ठेवतो. अस्सल रेशीम केस जळल्यासारखा वास देते, ज्योतीबाहेर काढल्यावर बहुधा विझते आणि त्याची राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनवते. जरीचा एखादा सुटलेला धागा नखाने खरवडावा. आतून चांदीसारखा पांढरा दिसला तर जुनी चांदीची जरी असण्याचा संभव मोठा. तांबूस दिसला तर तांब्यावर मुलामा दिलेली. आणि प्लास्टिकच्या पट्टीसारखा सोलला गेला तर आजची बनावट जरी. या तीन जरींची निगा वेगवेगळी असल्याने हेही वहीत लिहून ठेवावे.

अंगावर घालून, दिवसाच्या उजेडात

आवड कळली तरी शरीर बदललेले असते, म्हणून यानंतर प्रत्येक शिवलेला कपडा घालून आणि निवडक साड्या नेसून पाहाव्यात. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, समोरून व पाठीमागून छायाचित्र काढून घ्यावे. आरशात आपण पोट आत घेऊन उभे राहतो. छायाचित्रात निदान पाठ तरी खरी दिसते. छायाचित्र काढण्यापूर्वी एकदा पाटावर किंवा जमिनीवर बसून उठावे, दोन्ही हात वर करावेत, वाकून पायाचा अंगठा धरावा. चवथीच्या दिवसांत मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधणे, पंगत वाढणे, नारळ खवणे हे सारे अंगावरच्या कपड्यांतच करावे लागते, आणि तेथे जो कपडा काखेत ओढतो तो पुढच्या वर्षी नक्कीच कपाटात राहतो.

जो एक कपडा सर्वांत नीट बसतो त्याची मापे स्वतः घेऊन लिहावीत: खांदा, छाती, मुंढा, बाहीची उंची व घेर, पुढचा आणि मागचा गळा, एकूण उंची. शिंप्याकडे जाताना अंगाचे माप देण्यापेक्षा हा कपडाच न्यावा, कारण अंगाच्या मापात शिंपी आपल्या सवयीची सैल किंवा तंग मिळवतो आणि ती सवय आपली नसते. शिवताना आतून दोन्ही बाजूंना किमान एक इंच माया ठेवण्यास आवर्जून सांगावे. जुनी पोलकी आजही उसवून वाढवता येतात ती त्या मायेमुळे. तयार कपड्यांत बहुधा एवढी माया नसते, म्हणून ते एकदा तंग झाले की संपले. नवे सुती कापड आणि अस्तर शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आणि अस्तर निरनिराळ्या मापाने आटते आणि पोलक्याला सुरकुत्या पडतात त्या कायमच्या.

आजीच्या किंवा पणजीच्या साड्यांत हमखास भेटणारी अडचण म्हणजे पन्हा, अर्थात कापडाची रुंदी. जुन्या हातमागाच्या पुष्कळ साड्यांचा पन्हा आजच्यापेक्षा कमी असतो आणि उंच मुलीला ती घोट्याच्या वर राहते. अशा वेळी साडी टाकून देण्याचे कारण नाही. कमरेत खोचल्या जाणाऱ्या वरच्या काठाला चार ते पाच इंच रुंदीची, त्याच रंगाच्या आसपासची सुती पट्टी जोडून घ्यावी. ती नेसल्यावर परकराच्या आत जाते, बाहेर दिसत नाही आणि पिनांचा ताणही जुन्या कापडाऐवजी तिच्यावर पडतो.

आपल्या महिन्यात दिवस कोणते आहेत

रीत ठरवताना आपण नेहमी सणाचा दिवस डोळ्यांपुढे आणतो, आणि तेथेच घोटाळा होतो. वहीच्या मागच्या बाजूवरून मोजावे की महिन्यातले किती दिवस कार्यालयात, किती स्वयंपाकघरात, किती बसमध्ये, किती देवळात आणि किती लग्नसमारंभात गेले. तीस दिवसांत समारंभाचे दोन दिवस असतील तर कपाटातही त्यांचा वाटा साधारण तेवढाच असावा. बहुतेकांच्या कपाटात तो अर्ध्याहून अधिक असतो.

हवेचे भान तर ठेवावेच लागते. घाम येतो तेथे सुती, मलमल, खादी आणि लिनन यांना पर्याय नाही, आणि समुद्रकाठच्या गावांत हे वर्षाचे नऊ-दहा महिने खरे असते. पावसाळ्यापुरते मात्र मी शुद्ध सुतीचा आग्रह सोडते, कारण जाड सुती कपडा तीन दिवस वाळत नाही आणि त्याला कोंदट वास धरतो. त्या काळात पातळ मलमल किंवा थोडे मिश्रण असलेले, लवकर वाळणारे कापड, घोट्याच्या वर उंची आणि चिखल न दाखवणारा रंग हेच शहाणपणाचे. जांबावलीच्या देवळातल्या गुलाल उधळण्याच्या उत्सवासाठी एक जुना सुती जोड वेगळा ठेवावा, इतकेच सांगते. दरवर्षी कुणीतरी चांगला कुर्ता घालून जातो आणि नंतर रिठ्यापासून खाण्याच्या सोड्यापर्यंत सारे उपाय विचारत फिरतो.

दुरुस्त करावे, बदलावे की तसेच ठेवावे

या ठिकाणी सर्वांत अधिक घाई होते आणि नुकसानही येथेच होते. कात्री लावण्यापूर्वी कापडाचा जीव तपासावा. साडीची आतली, निऱ्यांच्या बाजूची कड दोन्ही हातांत चार बोटांच्या अंतरावर धरून हलकेच ताणावी. बारीक कर्र असा आवाज आला किंवा उभे धागे विलग होऊ लागले तर ते रेशीम मेलेले आहे. अशा कापडाचा ड्रेस किंवा पोलके शिवू नये, कारण शिवणीच्या प्रत्येक छिद्रापासून ते फाटत जाते आणि शिलाईचे पैसे व साडी दोन्ही जातात. त्याचा चांगला राहिलेला पदर किंवा काठ मलमलीच्या आधारावर हाताने टाचून घ्यावा आणि तेवढाच जपावा.

कापड सशक्त असेल तर पुष्कळ करता येते. नऊवारी साडी साधारण ८.२ मीटर असते. ती गोल नेसण्यासाठी साडेपाच मीटर ठेवल्यास पदराच्या विरुद्ध टोकाकडून सुमारे पावणेतीन मीटर कापड निघते, ज्यात पोलके आणि मुलीचा परकर किंवा आखूड कुर्ता सहज बसतो. कापताना पदर कुठल्या टोकाला आहे हे दोनदा पाहावे. हसू येईल, पण उलट्या टोकाने कापलेली साडी मी पाहिली आहे. इरकलीसारख्या साडीत अंग आणि पदर वेगळ्या ताण्याचे असून ते मागावर एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, म्हणून त्या जोडावर कधीही शिवण घेऊ नये. गोव्यातल्या अनेक घरांत बेळगाव-शहापूरहून लग्नाची खरेदी होत असल्याने अशा साड्या आणि खणांची पोलकी पेट्यांत हमखास सापडतात. खणाचे जुने पोलके आता अंगाला होत नसेल तर त्याचे काठ काढून साध्या सुती पोलक्याच्या बाहीला लावावेत.

लहान भोकांना रफू करून घ्यावे, आणि तेही धुण्यापूर्वी, कारण धुताना भोक वाढते. फॉल आणि पिको जुने असतील तर उसवून नवे लावावेत. जुना फॉल आटून साडीचा खालचा काठ गोळा करतो आणि आपण दोष नेसण्याला देतो. पार विरलेल्या सुती साड्यांची वाकळ शिवण्याची आपली जुनी पद्धत आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. मात्र वाकळीत कुणाची कोणती साडी गेली हे वहीत लिहावे, नाहीतर दहा वर्षांनी ते सांगणारे कुणी राहत नाही.

माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक बदल पोलक्याचा आहे. जुन्या भरजरी साडीबरोबर तिचेच जुळते पोलके घालण्याऐवजी विटकरी, करडे किंवा पांढरट रंगाचे, आपल्या मापाचे साधे सुती पोलके घातले की तीच साडी लग्नाच्या मांडवातून कार्यालयात येऊ शकते.

डाग आणि धुणे

कोणताही जुना रंगीत कपडा धुण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके अर्धा मिनिट दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर तो घरी धुऊ नये. रेशमासाठी रिठ्याचे गाळलेले पाणी किंवा सौम्य द्रव साबण, साधे थंड पाणी आणि कमीत कमी वेळ पुरे. क्लोरीनचे ब्लीच रेशमाला आणि लोकरीला अजिबात लावू नये, कारण त्याने धागाच विरघळतो. पिळू नये, जाड पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे पसरावे.

हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो. घाबरण्याचे कारण नाही, ते साबणातल्या अल्कलीमुळे होते. पांढऱ्या सुतीवरचा असा डाग ओला असतानाच उन्हात दोन-तीन वेळा वाळवला की बहुतेक निघून जातो. काजूच्या बोंडाच्या रसाचे मात्र तसे नाही. तो सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो आणि नंतर हवेने तपकिरी होऊन पक्का बसतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत बागेत जाताना जपलेला कपडा घालूच नये आणि थेंब पडलाच तर त्याच क्षणी भरपूर थंड पाण्याने धुवावे. खोबरेल तेलाच्या डागावर तांदळाचे पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवावी, सकाळी झटकून मग धुवावे. बाहेरून आल्यावर घामाची साडी लगेच घडी करून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. निदान चार तास ती वाऱ्यावर टांगावी, कारण घामातले क्षार जरीला काळे करतात. अत्तर आणि सुगंधी फवारेही जरीवर पडू देऊ नयेत.

परत ठेवताना

कपाट भिंतीला चिकटलेले असेल तर तीन-चार इंच पुढे ओढावे, विशेषतः जुन्या मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीजवळ, कारण पावसाळ्यात या भिंती ओल धरतात. कप्पे पाऊणच भरावेत. लोखंडी कपाटात किंवा पेटीत पत्र्याला कपडा टेकू देऊ नये. गंजाचा डाग सहसा निघत नाही. वर्तमानपत्र अंथरण्याची सवयही सोडावी, त्याचा कागद आम्लधर्मी असतो आणि शाई उतरते. त्याऐवजी खळ न घातलेल्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात प्रत्येक साडी वेगळी गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, तेव्हा दुकानातून आलेली पिशवी त्याच दिवशी काढून टाकावी.

ठेवणीतल्या सुती साड्यांना खळ देऊ नये. भाताच्या पेजेची खळ नेसण्याच्या आदल्या दिवशी द्यावी आणि ठेवण्यापूर्वी धुऊन काढावी, कारण कसर आणि झुरळे त्या पिठावरच येतात. डांबराच्या गोळ्या जरीला आणि रेशमाला लागता कामा नयेत, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ तर त्या ठेवूच नयेत. त्यांच्या वाफेने काही बाळांना गंभीर कावीळ होऊ शकते. वेखंडाचे तुकडे, लवंगा, वाळलेली कडुलिंबाची पाने मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावीत आणि वर्षाला बदलावीत. त्यांनी कीड काहीशी दूर राहते, ओलावा नाही. ओलाव्यासाठी सिलिका जेलच्या पिशव्या लागतात. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग पालटताच ते वाळवून घ्यावेत, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. स्वस्त आर्द्रतामापक कपाटात ठेवल्यास अंदाजाने काम करावे लागत नाही: काटा ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहू लागला की दारे बंद ठेवून दाणे बदलावेत, आणि बाहेर कोरडी हवा असेल त्या दुपारी दारे सताड उघडावीत.

जरीची साडी हँगरवर महिनोन्‌महिने टांगू नये, आपल्याच वजनाने ती ताणली जाते. घडी तीन-चार महिन्यांनी बदलावी, आणि नवी घडी जुन्या रेषेवर येणार नाही असे पाहावे. अधिक चांगले म्हणजे त्या तीन-चार महिन्यांत एकदा ती नेसावी. घडी आपोआप बदलते.

नवे घेण्यापूर्वी

वहीतले गोल केलेले शब्द एका कागदावर उतरवून तो पाकिटात ठेवावा. नवा कपडा समोर आला की त्यातले किती शब्द त्याला लागू पडतात, आणि घरातल्या किमान तीन कपड्यांबरोबर तो चालेल का, एवढे पाहावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो किंवा शहरातल्या झगमगीत दुकानात, हा कागद हाताशी असला की विक्रेत्याच्या आग्रहापुढे आपले मन थोडे टिकते.

गोव्याच्या स्वतःच्या वस्त्रांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. लाल चौकड्यांचे कुणबी कापड हे भाताच्या शेतात राबणाऱ्या बायकांचे वस्त्र. गुडघ्यापर्यंत आखूड नेसून खांद्यावर गाठ मारण्याची त्याची पद्धत चिखलात उभे राहून वाकण्याच्या कामातून आलेली आहे. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स, ज्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०२० मध्ये गेले, त्यांनी या विणीकडे पुन्हा लक्ष वेधले आणि आज ती शहरी बायकांच्या अंगावरही दिसते. घ्यावीशी वाटली तर अवश्य घ्यावी, पण हातमागावर विणलेली घ्यावी, छापील चौकड्यांची नव्हे. कापडाची उलटी बाजू पाहिली की फरक कळतो, कारण विणलेली चौकट दोन्ही बाजूंना सारख्याच रंगाची दिसते. आणि आपल्या वहीत ‘चौकडा’, ‘जाड सुती’, ‘आखूड’ यांपैकी एकही शब्द नसेल, तर केवळ गोव्याची म्हणून घेतलेली ती साडीसुद्धा वरच्या कप्प्यातच जाईल.

नाव लिहिणे आणि उसनी देणे

शेवटी प्रत्येक गुंडाळीच्या कापडावर, साडीवर नव्हे, सुती फितीचा तुकडा टाचून त्यावर न पुसणाऱ्या शाईने वहीतला क्रमांक, कुणाची, आणि शेवटची नेसल्याची तारीख लिहावी. भाची किंवा सून साडी मागायला आली तर तिला वहीतले पान आधी वाचायला द्यावे आणि मगच साडी. पिना कुठे लावायच्या, पदराच्या कोणत्या बाजूला रफू आहे, फुलांची वेणी माळताना डाग कुठे पडू शकतो, हे त्यात लिहिलेले असते. परत आल्यावर ती लगेच कपाटात न ठेवता रात्रभर सोप्यावर वाऱ्याला टाकावी, सकाळी काखेची आणि निऱ्यांची बाजू उजेडात तपासावी, आणि फितीवरची जुनी तारीख खोडून नवी लिहावी.